तीन हजारांत नाताळ: आधी गोठा, मग तारा, उरलं तर झाड

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजले. पुण्यात भाड्याचं वन-बीएचके घर आहे. घरात दोन लहान मुलं आणि सासूबाई आहेत, आणि भिंतीला खिळा मारायला घरमालकाची मनाई आहे. सजावटीसाठी तीन हजार रुपये बाजूला काढलेत, पण बाजारात नुसतं प्लास्टिकचं झाड, त्यावरचे गोळे आणि दिव्यांच्या माळा पाहिल्या तरी आकडा दुपटीवर जातो. सासूबाईंनी वसईहून आणलेले गोठ्याचे, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचे, जुने पुतळे आहेत, पण बाळाच्या भेटीला येणाऱ्या तीन राजांपैकी एकाचा हात तुटलाय आणि गाढवाला एकच कान उरलाय. मग तीन हजारांत घर नाताळसारखं दिसेल कसं?

मी मूळची वसईचीच. गोठे आणि तारे बांधायचं काम बरीच वर्षं करते आहे, चर्चमध्येही आणि लोकांच्या घरीही. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्याकडचे ते पुतळे हीच तुमची सर्वांत मोठी बचत आहे. निम्मा खर्च तिथेच वाचला.

पैसे कमी असले की माणूस प्रत्येक खोलीत थोडं थोडं काहीतरी लावतो. इथे चमकीची झालर, तिथे लाल टोपी, दारावर चकचकीत अक्षरं. पैसे संपतात, घर भरल्यासारखं दिसतं आणि नजर कुठेच ठरत नाही. तुम्ही घर सजवू नका, एक कोपरा सजवा आणि खिडकीत एक तारा लावा. त्या कोपऱ्यात गोठा असू दे. झाड नसलं तरी नाताळ होतो. आपल्याकडच्या कितीतरी घरांत पूर्वी झाड नव्हतंच, गोठा मात्र होता. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावात पहिला गोठा मांडला तेव्हा त्यात पुतळेही नव्हते. गव्हाणीत गवत, शेजारी खरा बैल आणि खरं गाढव, एवढंच. अजून काय लागतं?

पैशांची वाटणी अशी करा. ताऱ्याला साडेतीनशे, दिव्यांना पाचशे, पुतळ्यांची डागडुजी आणि कमी पडतील ते पुतळे यांना चारशे, गोठ्याच्या सामानाला तीनशे, आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या, मेणबत्त्या आणि हिरवळीला दोनशे. हे झाले साडेसतराशे. मुलांना झाड हवंच असेल तर कुंडीतल्या रोपासाठी पाचशे धरा. उरलेल्या साडेसातशेला सजावटीच्या नावाने हात लावू नका. कुलकुल, करंज्या आणि दाराशी येणाऱ्या पाहुण्यांसाठी ते लागतील. पेठेपेठेत भाव वेगळे असतात, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण हा क्रम मोडू नका.

आधी पुतळे. पीओपीचा तुटलेला भाग जोडायला एम-सील उत्तम. गाढवाच्या कानाच्या जागी आधी सुईने दोन भोकं पाडा, त्यात टाचणीचा तुकडा बसवा आणि त्याभोवती एम-सीलचा कान घडवा. आत टाचणी नसेल तर पुढच्या वर्षी कान परत गळतो. राजाचा हात सापडत नसेल तर नवा करायच्या भानगडीत पडू नका. जुन्या काठपदराची एक चिंधी फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवून त्याच्या खांद्यावरून शालीसारखी सोडा. वाळली की कडक होते, हात झाकला जातो आणि राजा अधिकच राजासारखा दिसतो. रंग उडालेल्या जागी पोस्टर कलर लावा, पण चेहऱ्यांना हात लावू नका. जुन्या पुतळ्यांचे चेहरे फिके दिसले तरी चालतात. घरी रंगवलेले डोळे मात्र बहुधा बिघडतात.

कमी पडणारे पुतळे नाताळच्या दुकानातून घेऊ नका. पुण्यात राहता म्हणून तुम्हाला एक सोय आहे, ती इतर गावांत सहज मिळत नाही. दिवाळीत किल्ल्यांसाठी मातीची चित्रं, म्हणजे छोटे पुतळे, विकायला येतात. मावळे सोडून द्या, पण त्यात गाय, बैल, शेळ्यामेंढ्या, डोक्यावर घागर घेतलेली बाई, घोंगडी पांघरलेला माणूस असं सगळं असतं. घोंगडीवाला म्हणजे आयता मेंढपाळ. दिवाळी उलटली की विक्रेत्याकडे उरलेला माल बराच स्वस्तात मिळतो, आणि कुंभारवाड्यात चौकशी केली तर त्यानंतरही मिळू शकतो. फक्त मापाचा विचार करा. सासूबाईंचे पुतळे वीतभर असतील तर बोटभर उंचीची मेंढरं त्यांच्या पायाशी ठेवू नका. ती वर, मागे, डोंगराच्या चढावर ठेवा, म्हणजे लांबची वाटतात आणि गोठ्याला खोली येते. लहान पुतळे मागे आणि वर, मोठे पुढे आणि खाली, एवढं पाळलं की दोन फुटांचा गोठाही मोठा दिसतो.

आता डोंगर. थर्माकोल विसरा. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीसाठी त्यावर बंदीच आहे. शिवाय रंग लावला तरी तो थर्माकोलच दिसतो. वह्यांना घालायचा खाकी कागद घ्या, रोलमध्ये मिळतो तो. त्याचा हातभर तुकडा तोडून बोळा करा आणि तळहातात जोर लावून चुरगळा. उघडा, पुन्हा उलट्या बाजूने चुरगळा. असं चार-पाच वेळा केलं की कागद कापडासारखा लुळा होतो आणि त्याला खडकासारख्या शिरा येतात. एका वाटीत गेरू, थोडं फेव्हिकॉल आणि पाणी पातळ कालवून त्याचा एक हात द्या. कागद ओलसर असतानाच खालच्या घडींमध्ये काळ्या रंगाचं बोट फिरवा. पूर्ण वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशला किंचित पांढरा रंग घेऊन फक्त उंचवट्यांवरून ओढा. ब्रश आधी वर्तमानपत्रावर पुसून घ्यायचा, त्यावर रंग जेमतेम राहिला पाहिजे. हा शेवटचा हात द्यायला पाच मिनिटंही लागत नाहीत, पण कागदाचा दगड होतो तो त्यानेच. मुलांना हे काम द्या. चुरगळायला त्यांच्याइतकं जोमाने कुणी करत नाही.

गुहेसाठी किराणा दुकानातून एक पुठ्ठ्याचं खोकं आणा, आडवं ठेवा, आजूबाजूला वर्तमानपत्राचे बोळे रचा आणि त्यावरून हे खडक पांघरा. गुहेचं तोंड सर्वांत उंच पुतळ्याच्या साधारण दुप्पट उंच असावं. त्याहून मोठं झालं की पुतळे हरवतात, लहान झालं की कोंबल्यासारखे दिसतात. काहींना वाटतं, गोठा म्हणजे झोपडीच हवी. तसं नाही. बेथलेहेममध्ये जन्मस्थान म्हणून जे दाखवतात ती गुहाच आहे, जन्ममंदिर तिच्यावर बांधलेलं आहे. सासूबाईंना वसईसारखा पेंढ्याने शाकारलेला गोठा हवा असेल तर तोही करा. चार कामट्या आणि मूठभर पेंढा पुरतो. पुण्यात भाताचा पेंढा लगेच मिळणार नाही, म्हणून मावळ-मुळशीकडचं कुणी ओळखीचं असेल तर आधीच सांगून ठेवा. तो नाहीच मिळाला तर साधं वाळलेलं गवतही चालतं.

सगळा गोठा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येईल असा मांडा. बुटका स्टूल, शिवणाचं मिटलेलं मशीन, चपलांच्या कपाटाचा वरचा भाग, काहीही चालेल. मोठ्यांना वाकून बघावं लागलं तर बरंच आहे. खिळा मारायचा प्रश्नही येत नाही.

खऱ्या हिरवळीशिवाय गोठा मला अपुरा वाटतो, आणि ती जवळजवळ फुकट मिळते. गोव्यात बऱ्याच घरांत यासाठी नाचणी पेरतात. किल्ल्यावर अळीव पेरणाऱ्या पुणेकरांना ही गोष्ट नवी नाही. गोणपाटाचा तुकडा ताटलीत पसरा, ओला करा, त्यावर रात्रभर भिजवलेले दाणे दाट पसरा आणि वरून ओलं फडकं टाका. मोड दिसले की फडकं काढा आणि ताटली उजेडात ठेवा. डिसेंबरात पुण्याची थंडी चांगली असते, त्यामुळे सगळं दोन-तीन दिवस उशिरा उगवतं, हे हिशोबात धरा. नाचणी १३-१४ तारखेला पेरा. गहू लवकर उंच होतो आणि मेंढ्या त्यात बुडतात, म्हणून तो १६-१७ च्या आधी नको. अळीव किंवा मोहरी १८-१९ ला पेरली तरी चालेल. पाणी हाताने शिंपडायचं, ओतायचं नाही. ओतलं की कुबट वास येतो आणि बुरशी धरते. २६ तारखेच्या आसपास दुसरी ताटली पेरून ठेवा, म्हणजे तीन राजांच्या सणाला, ६ जानेवारीला, पुन्हा ताजी हिरवळ मिळेल.

तारा बाजारचा विकत घेऊ नका. बाजारातला पुठ्ठ्याचा घडीचा तारा दिसतो छान, पण दवाने दोन आठवड्यांत लोंबतो. बुरुड आळीतून बांबूच्या दहा कामट्या आणा. साठ सेंटिमीटर लांब, पातळ आणि लवचीक, सगळ्या अगदी सारख्या. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून तेवीस सेंटिमीटरवर खूण करा, मध्ये चौदा उरतात. पाच कामट्यांचा एक तारा, आणि कामट्या एकमेकींना बरोबर या खुणांवरच छेदतात. खुणा जुळल्या की तारा आपोआप सरळ येतो, मोजत बसावं लागत नाही. प्रत्येक कामटी एका छेदावर वरून आणि दुसऱ्यावर खालून घ्या, म्हणजे विणीसारखी अडकते आणि दोरा कमी लागतो. टोकं आणि छेद जाड दोऱ्याने बांधून गाठीवर फेव्हिकॉलचा थेंब टाका.

असे दोन तारे झाले की एकावर एक ठेवून फक्त पाच टोकं एकत्र बांधा. मग आतल्या पाच छेदांवर, दोन ताऱ्यांच्या मध्ये, बारा-बारा सेंटिमीटरच्या पाच काड्या उभ्या अडकवा. काड्या शेवटीच घालायच्या. त्या आत गेल्या की कामट्या बाहेर वाकतात आणि सपाट ताऱ्याला पोट येतं. बांबू वाळून कडक झाला असेल तर तासभर पाण्यात ठेवा, नाहीतर याच वेळी काटकन मोडतो.

मढवायला पतंगाचा कागद स्वस्त पडतो, पण तुम्हाला पुढची काही वर्षं तोच तारा वापरायचा असेल तर जुनी फिक्या रंगाची सुती ओढणी किंवा धोतराचं कापड घ्या. एकूण एकवीस तुकडे लागतात: पुढचे पाच त्रिकोण आणि एक पंचकोन, मागे फक्त पाच त्रिकोण, आणि कडेचे दहा अरुंद त्रिकोण. मागचा पंचकोन उघडा सोडा. त्यातून बल्ब बदलता येतो आणि हवाही खेळते. कापड कामटीवर पातळ फेव्हिकॉलने चिकटवायचं, ताणून, पण फार जोर लावून नाही. वाळताना ते स्वतःच आवळतं. बल्ब फक्त एलईडी, पाच वॅटचा, पिवळसर उजेडाचा. होल्डर वरच्या टोकाला आतून बांधा, कापडाला कुठेच टेकू देऊ नका. जुना चाळीस वॅटचा पिवळा बल्ब घरात पडला असेल तर तो चुकूनही ताऱ्यात घालू नका, कापड-कागद तापून पेट घेऊ शकतो. विजेचं म्हणाल तर पाच वॅटचा बल्ब रोज पाच तास, १ डिसेंबर ते ६ जानेवारी लावला तरी सगळा मिळून एक युनिटसुद्धा होत नाही. तारा खिडकीच्या ग्रिलला दोन ठिकाणी बांधा, एका दोरीवर सोडला तर रात्रीच्या वाऱ्यात फिरत राहतो आणि वायर पिळवटते.

दिव्यांच्या माळा नव्या घेण्याआधी दिवाळीच्या काढून बघा. प्रत्येक माळ दहा मिनिटं लावून वायरवरून हात फिरवा. कुठे गरम लागली, कुठे वायर उघडी दिसली की ती माळ टाकून द्या, टेप लावून वापरू नका. चांगली असेल ती गोठ्याच्या मागे, खडकांच्या आडून, सरळ दिसणार नाही अशी न्या. गुहेत एकच छोटा पिवळा दिवा, तोही लपलेला. लुकलुकणारी माळ गोठ्याजवळ नकोच. बाळाकडे बघायचं असताना नजर सारखी दिव्यांकडे ओढली जाते. एका मल्टिप्लगला दुसरा मल्टिप्लग जोडू नका. आणि कापसाचा बर्फ करून दिव्याजवळ ठेवू नका. तो लगेच पेटतो.

झाडाबद्दल. स्वस्तातलं प्लास्टिकचं झाड पहिल्याच वर्षी सुया गाळतं, त्यात पाचशे-हजार घालण्याऐवजी नर्सरीतून अरोकेरियाचं दीड-दोन फुटांचं रोप घ्या. हडपसर आणि सोलापूर रस्त्याकडे नर्सऱ्यांची रांगच आहे. एरवी ते खिडकीत, भरपूर उजेडात ठेवा आणि फक्त नाताळचे दोन आठवडे आत आणा. अंधारात ठेवलं की खालच्या फांद्या वाळतात, आणि एकदा गेलेल्या खालच्या फांद्या पुन्हा येत नाहीत. त्याच्या फांद्या नाजूक असतात, काचेचे गोळे टांगू नका. गेल्या हंगामातल्या लग्नपत्रिका असतीलच घरात. त्यांच्या जाड सोनेरी कागदाचे तारे, मासे, कबुतरं कापा, गणपतीचं किंवा नावांचं छापील तेवढं टाळून. वजनाला हलके, दिव्यात चमकतात आणि खर्च शून्य. रोप परवडत नसेल तर सोसायटीच्या माळ्याने छाटलेली एक सुकी फांदी मागून घ्या, चुना लावा आणि बादलीत दगडगोट्यांनी घट्ट उभी करा. माझ्या मते ती प्लास्टिकच्या झाडापेक्षा कितीतरी देखणी दिसते.

हे सगळं एका दिवसात मांडू नका. ही सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आगमनकाळाचे चार रविवार तुमच्या हातात आहेत. पहिल्या रविवारी फक्त मेणबत्त्यांचं चक्र: जुन्या स्टीलच्या ताटात वाळू, भोवती मोरपंखीच्या डहाळ्या (त्या लवकर सुकत नाहीत) आणि चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी. योहान हिन्रिख विखेर्न यांनी १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये आपल्या आश्रमातल्या मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या होत्या, कारण मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? तुमचीही विचारतीलच. दुसऱ्या रविवारी तारा लावा. तिसऱ्याला डोंगर आणि गुहा, पण पुतळ्यांविना. चौथ्याला गाय, गाढव, मेंढपाळ, मरिया आणि योसेफ. गव्हाणी २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी. शेजारी वाटीत पेंढ्याच्या काड्या ठेवा. मुलाने दिवसभरात कुणाला मदत केली, भांडण मिटवलं, की त्याने एक काडी गव्हाणीत टाकायची. मध्यरात्रीच्या मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, परत आल्यावर घरातल्या सर्वांत लहानाने बाळ येशूला त्या काड्यांवर ठेवायचं. सासूबाईंना तेव्हा एखादं जुनं नाताळगीत म्हणायला सांगा.

तीन राजे गोठ्यात लगेच नकोत. त्यांना घराच्या दुसऱ्या टोकाला, फ्रिजवर किंवा पुस्तकांच्या फळीवर ठेवा. रोज मुलांनी त्यांना थोडं थोडं पुढे सरकवायचं, ते ६ जानेवारीला गोठ्यात पोहोचतात. सजावटीला एक पैसा न वाढवता सगळं घर त्यात येतं, आणि मुलं सकाळी उठल्यावर आधी राजे कुठपर्यंत आले ते बघतात.

मेणबत्तीचं चक्र आणि गोठा यांच्यात किमान दोन-तीन हात अंतर ठेवा. पेंढा, कागद आणि वाळलेली पानं एकत्र आहेत. मेणबत्त्या फक्त जेवणाच्या टेबलावर, सगळे बसलेले असताना लावा आणि उठताना विझवा.

६ तारखेनंतर आवरताना पुतळे जुन्या सुती कपड्यात एकेक गुंडाळा. वर्तमानपत्रात नको, शाई लागते. खडकांचे कागद घडी न घालता सैल ठेवा, ते आणखी दोन-तीन वर्षं चालतील. ताऱ्यातला बल्ब काढा, पाच काड्या सोडवा, म्हणजे तारा सपाट होऊन कपाटामागे मावतो. पेंढा मात्र टाकून द्या, त्यात किडे होतात. आणि खोक्यावर लिहून ठेवा, काय कमी पडलं: एक मेंढी, दोन मेणबत्त्या, जे असेल ते. पुढच्या दिवाळीनंतर किल्ल्याची चित्रं स्वस्त झाली की तेवढंच आणायचं.